पिक्सेल आर्टमधलं पात्र काढताना या चुका टाळा

पिक्सेल आर्टमध्ये, म्हणजे एकेक चौकोनी ठिपका (पिक्सेल) मांडून काढलेल्या चित्रात, पात्र काढायला बसलं की बहुतेक जण आठशे टक्के झूम करतात आणि डोळ्यापासून सुरुवात करतात. डोळा छान जमतो, मग नाक, मग मिशी. तासाभराने झूम कमी करून पाहावं, तर पात्र ओळखूच येत नाही. नव्याने शिकणाऱ्यांची कामं पाहताना मला ही अडचण सगळ्यात जास्त दिसते. हात चांगला असतो, पण कामाचा क्रम उलटा असतो. रेषा, रंग, छटा आणि चाल यांतल्या बऱ्याच चुका तिथूनच निघतात. म्हणून काम ज्या क्रमाने व्हायला हवं, त्याच क्रमाने या चुका पाहू.

उदाहरण एकच घेऊ, वासुदेवाचं. मोरपिसांची उंच टोपी, घोळदार पांढरा अंगरखा, कमरेला शेला, हातात चिपळ्या. छोट्या स्प्राइटसाठी, म्हणजे खेळातल्या पात्राच्या लहानशा चित्रासाठी, यापेक्षा चांगलं पात्र शोधून सापडणार नाही. का, ते पुढे येईलच.

कॅनव्हास गरजेपेक्षा मोठा घेणं

मोठ्या कॅनव्हासवर चित्र चांगलं होईल असं वाटतं. पण 32×32 च्या चौकटीत 1,024 पिक्सेल असतात आणि 128×128 मध्ये 16,384. म्हणजे सोळापट काम, आणि चालताना दाखवायचं असेल तर तेच प्रत्येक फ्रेमला, म्हणजे हालचालीतल्या प्रत्येक चित्राला. सुरुवात 32×32 वर करा.

उंचीची वाटणी रेघ ओढण्याआधीच ठरवून टाका. आपल्या वासुदेवाला टोपीसाठी 9 ओळी, चेहऱ्याला 7, अंगरख्याला 11 आणि पावलांना 4 देऊ. झाल्या 31. वरची एक ओळ मुद्दाम मोकळी सोडली आहे, कारण चालताना शरीर एक पिक्सेल वर उचललं जातं. ती जागा सोडली नाही, तर ॲनिमेशनच्या वेळी टोपीचं टोक कापलं जातं आणि सगळं चित्र खाली सरकवावं लागतं. माणसाच्या खऱ्या प्रमाणात चेहरा इतका मोठा नसतो, हे खरं. पण खऱ्या प्रमाणात काढला तर चेहऱ्याला तीन-चारच ओळी उरतील आणि त्यात भाव दाखवता येणार नाही.

आकृती ओळखू येण्याआधी तपशिलात शिरणं

आधी एकाच गडद रंगाने पूर्ण आकृती भरा. डोळे नाहीत, रंग नाहीत, फक्त बाह्याकार. मग झूम शंभर टक्क्यांवर आणा आणि कोणाला तरी विचारा, हा कोण? उंच निमुळती टोपी आणि खाली पसरलेला घोळ एवढ्यावरच वासुदेव ओळखू येतो. ओळखू येत नसेल, तर पुढे कितीही रंग भरले तरी येणार नाही.

हात अंगाला चिकटवून काढणं ही इथली नेहमीची चूक. बाह्याकारात तो हात नाहीसाच होतो. चिपळ्या धरलेला हात अंगरख्यापासून निदान दोन पिक्सेल बाहेर काढा, म्हणजे मधली मोकळी जागा हात असल्याचं सांगेल.

1981 च्या 'डाँकी काँग' या व्हिडिओ गेममधला मारिओ इथे नीट पाहण्यासारखा आहे. तो खेळ रचणाऱ्या शिगेरू मियामोतोंकडे त्याच्यासाठी जेमतेम 16×16 पिक्सेल होते. एवढ्या जागेत केस नीट दिसत नव्हते, म्हणून टोपी आली. नाक उठून दिसावं आणि तोंड काढावं लागू नये म्हणून मिशी आली. हात शरीरापासून वेगळा कळावा म्हणून खांद्यावरून पट्टे जाणारी विजार आली. जगभर ओळखला जाणारा तो वेश पिक्सेलच्या अडचणीतून जन्माला आला. वासुदेवाची टोपीही हेच काम करते. तिच्यात एकेक मोरपीस काढत बसू नका. निळसर हिरव्या रंगावर तीन-चार उजळ ठिपके दिले की बघणारा पिसं स्वतःच पाहतो.

रेषेतले खाचखळगे

बाह्याकार जमला, तरी कडा दातेरी दिसतात. याला जॅगी म्हणतात. यावर उपाय शोधताना लोक बहुधा कडेला फिकट पिक्सेल लावून ती मऊ करायला जातात. चूक मात्र रेषेच्या टप्प्यांत असते.

टोपीची तिरकी कड जवळून पाहू. ती 9 ओळींतून खाली येते आणि हळूहळू बाहेर पसरते. प्रत्येक टप्प्यात किती पिक्सेल सरळ खाली येतात ते मोजा. टोकापासून 3, 2, 2, 1, 1 असे टप्पे असतील तर वळण गुळगुळीत दिसतं, कारण टप्पे एकाच दिशेने लहान होत जातात. तेच 3, 1, 2, 1, 2 केलं, तर बेरीज तीच 9, पण टोपी ठेचकाळल्यासारखी दिसते. आकडा कमी होऊन पुन्हा वाढला की डोळ्याला तिथे कोपरा जाणवतो. सरळ तिरक्या रेषेत सगळे टप्पे सारखे, वळणात एकतर चढते किंवा उतरते. हा एक नियम हातात बसला, तर निम्म्याहून जास्त रेषा आपोआप सुधारतात. मला विचाराल तर पहिले काही दिवस फक्त याचाच सराव करावा.

दुसरी गोष्ट कोपऱ्यातल्या जास्तीच्या पिक्सेलची. एक पिक्सेल जाडीच्या रेषेत जिथे काटकोनासारखा आकार होतो, तिथे रेषा अचानक जाड वाटते. तो कोपऱ्यातला पिक्सेल पुसा. एसप्राइट या पिक्सेल आर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये पेन्सिलसाठी 'पिक्सेल परफेक्ट' हा पर्याय आहे, तो सुरू केला की असे पिक्सेल पडतच नाहीत. फोटोशॉपमध्ये काम करत असाल तर ब्रश घेऊ नका, पेन्सिल घ्या. ब्रश कडेला अर्धपारदर्शक पिक्सेल सोडतो, आणि नंतर बकेटने, म्हणजे बंद भाग एकदम भरणाऱ्या साधनाने, रंग भरताना तेच त्रास देतात. एसप्राइट विकत घ्यावं लागतं. फुकट हवं असेल तर लिब्रेस्प्राइट आहे, आणि ब्राउझरमध्येच चालणारं पिस्केल आहे.

रंग वाढवत नेणं

निन्टेंडोच्या एनईएस या जुन्या गेम यंत्रावर 8×8 च्या एका तुकड्यात तीनच रंग आणि चौथा पारदर्शक, इतकीच मुभा होती. नव्वदच्या दशकात आपल्याकडे कॅसेटवाले व्हिडिओ गेम मिळायचे, ते बहुतांशी याच यंत्राच्या नकला होत्या. ते खेळ खेळलेल्यांना तीन रंगांत काय काय दाखवता येतं हे वेगळं सांगायला नको. आज बंधन नाही, म्हणून नकळत चाळीस रंग जमा होतात आणि मग एक छटा बदलायची तर दहा ठिकाणी हात घालावा लागतो.

वासुदेवाला बारा रंग पुरतात. अंगरख्याला तीन, मोरपिसांना तीन, त्वचेला तीन, शेल्याला दोन, आणि सगळ्यांना मिळून एक सर्वांत गडद. टोपीच्या पितळी टोकाला वेगळा रंग नको, त्वचेची उजळ छटा तिथे चालून जाते.

सावलीसाठी त्याच रंगात नुसता काळा मिसळला की चित्र मळकट होतं. सावलीकडे जाताना रंगाची जातही थोडी सरकवा. त्वचेची मधली छटा ह्यू (रंगचक्रावरची जागा, अंशांत) 25 वर असेल, तर उजळ छटा 35 च्या आसपास पिवळ्याकडे न्या आणि गडद छटा 12 च्या आसपास लालसर करा. उजळ छटेचं सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा नव्हे, भडकपणा) थोडं कमी ठेवा, गडद छटेचं थोडं वाढवा. अंगरखा पांढरा आहे म्हणून त्याची सावली करडी केली, तर कपडा सिमेंटचा वाटतो. उजेडात किंचित पिवळसर पांढरा, मध्ये फिकट निळसर जांभळा आणि घड्यांत त्याहून गडद जांभळा घेऊन पाहा. तोच अंगरखा धुतल्यासारखा लख्ख दिसेल.

रंग वेगळे असूनही चेहरा आणि कपडा एकमेकांत मिसळतात, अशी तक्रार असेल तर सगळ्यात वर एक लेयर (चित्राचा वेगळा थर) घ्या, तो करड्या रंगाने भरा आणि त्याचा ब्लेंड मोड, म्हणजे खालच्या थरात मिसळण्याची पद्धत, 'कलर' करा. चित्र कृष्णधवल दिसेल. तिथे दोन भाग सारखेच करडे दिसले, तर एकाची उजळता बदला. तपासून झालं की लेयर बंद करा.

उशीसारखं शेडिंग

आकाराच्या कडेने गडद आणि मधोमध उजळ असं सगळीकडून आत रंगवत जाण्याला पिलो शेडिंग म्हणतात. त्यात उजेड कुठून येतो तेच कळत नाही, आणि अंगरखा फुगवलेल्या गादीसारखा होतो. रंगवण्याआधी उजेडाची दिशा ठरवा. आपण वरून, किंचित डावीकडून घेऊ. मग प्रत्येक भागाचा घनाकार विचारात घ्या. टोपी शंकूसारखी आहे, म्हणून उजळ पट्टा डावीकडे उभा जाईल. टोपीची सावली कपाळावर पडेल, म्हणून चेहऱ्याची पहिली ओळ गडद. ही एकच ओळ टोपी डोक्यावर बसवते. ती नसेल तर टोपी मागे भिंतीला टांगलेली वाटते.

बँडिंग हा याचाच भाऊबंद. दोन छटांच्या पट्ट्या एकाच जागी सुरू होऊन एकाच जागी संपल्या, की डोळ्याला पिक्सेलची जाळी दिसायला लागते. एका पट्टीचं टोक एखाद-दोन पिक्सेल मागेपुढे करा, तेवढ्याने काम होतं.

आउटलाइनबद्दल थोडक्यात. चहूबाजूंनी शुद्ध काळी रेघ छोट्या स्प्राइटला गुदमरवते. उजेडाच्या बाजूला त्या त्या भागाचीच गडद छटा वापरा. पार्श्वभूमी गजबजलेली असेल तर मात्र पूर्ण गडद आउटलाइन ठेवणंच शहाणपणाचं.

चाल निर्जीव वाटते

रंगवून पूर्ण झालेल्या चित्राचे पाय हलवायला घेतले, की एक चूक दुरुस्त करताना सगळ्या फ्रेमचं शेडिंग पुन्हा करावं लागतं. चाल आधी सपाट रंगांच्या ठोकळ्यांत बसवा. चार फ्रेम पुरे: पाय फाकलेले, पाय जवळ, दुसरा पाय पुढे टाकून फाकलेले, पुन्हा जवळ. पाय जवळ येतात तेव्हा शरीर एक पिक्सेल वर. प्रत्येक फ्रेमला 120 ते 150 मिलिसेकंद देऊन पाहा.

एवढं करूनही पात्र पुतळ्यासारखं वाटत असेल, तर पाय सोडून बाकी काहीच हलत नसणार. अंगरख्याचा घोळ शरीराच्या एक फ्रेम मागे ठेवा. टोपीचं टोकही तसंच, एकाच पिक्सेलने मागे कलू द्या. कापड आणि पिसं मागून येतात, त्यानेच पात्राला वजन येतं.

चालताना अंगावर छटा लुकलुकत असतील, तर प्रत्येक फ्रेममध्ये घड्या नव्याने काढल्या गेल्या आहेत. पहिल्या फ्रेममधला धडाचा भाग कॉपी करून जसाच्या तसा सरकवा आणि फक्त खालचा घोळ बदला.

तयार चित्र धूसर दिसणं

मोठं करताना पटीतच करा: दुप्पट, तिप्पट, दहापट. दीडपट केलं की काही पिक्सेल जाड आणि काही बारीक होतात. आकार बदलताना पद्धत 'निअरेस्ट नेबर' निवडा, म्हणजे मधले धूसर रंग तयार होत नाहीत. खेळाचा पडदा 320×180 घेतलात, तर तो चौपटीने 1280×720 आणि सहापटीने 1920×1080 होतो, म्हणून ते माप सोयीचं पडतं.

फाइल पीएनजीमध्येच ठेवा. जेपीईजी कडेभोवती अस्पष्ट डाग सोडतं. मित्राला व्हॉट्सॲपवर दाखवायचं असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तिथेही तेच होतं.

युनिटी या खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्प्राइट धूसर दिसत असेल तर फिल्टर मोड 'पॉइंट' आणि कम्प्रेशन 'नन' करा. तशाच गोदो या सॉफ्टवेअरमध्ये टेक्स्चर फिल्टर 'निअरेस्ट' ठेवा. थांबलेलं असताना स्वच्छ दिसणारं पात्र चालायला लागल्यावर थरथरत असेल, तर चित्राला हात लावू नका. कॅमेऱ्याची किंवा पात्राची जागा अपूर्णांकात जाते आहे. पडद्यावर दाखवण्याआधी ती पूर्णांकात आणली की थरथर थांबते.