सकाळच्या लोकलआधीची न्याहारी

ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने वाशी-नेरूळकडे शिकायला जाणारे अनेक विद्यार्थी सकाळी केवळ चहा-बिस्किटांवर घर सोडतात आणि दुपारी स्थानकाबाहेरच्या वडापाववर भूक भागवतात. वडापाव वर्ज्य करण्याची गरज नाही, मात्र तेच रोजचे जेवण होऊ नये.

यावर सोपा उपाय मोड आलेल्या मटकीचा आहे. मटकी रात्रभर भिजवून सकाळी फडक्यात बांधावी, म्हणजे दुसऱ्या दिवशी मोड येतात. आपल्याकडच्या दमट हवेत कच्च्या मोडांवर जंतू झपाट्याने वाढत असल्याने ते दहा मिनिटे वाफवूनच खावेत, पावसाळ्यात तर आवर्जून. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळावे, कारण त्यातील क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होते आणि कडधान्यातील लोह शरीरात शोषले जाण्यासाठी तेच उपयोगी पडते. चहा मात्र तासाभराच्या अंतराने घ्यावा, कारण त्यातील टॅनिन या शोषणात अडथळा आणते. रक्तक्षयाचा त्रास असलेल्या मुलींनी हे पथ्य कसोशीने पाळावे.

वसतिगृहात शेगडी नसेल, तर फुटाणे आणि केळे पुरेसे आहे. 100 ग्रॅम फुटाण्यांत सुमारे 20 ग्रॅम प्रथिने असतात.