चाळिशीच्या उंबरठ्यावर अग्निशमन दलात जाताना या चुका टाळा

वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी कार्यालयातील नोकरी सोडून मी अग्निशमन दलाच्या प्रशिक्षणाला उभा राहिलो, तेव्हा तुकडीतील बहुतेक मुले माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान होती. वय आड येईल असे प्रत्येकाने बजावले होते, पण आड आली ती वेगळीच गोष्ट. या वयापर्यंत माणसाला झाकण्याची सवय जडलेली असते. गुडघ्यातली कळ, वाढलेला रक्तदाब, बंद जागेची धास्ती, न समजलेली सूचना हे सारे तो चारचौघांत सफाईने झाकून नेतो आणि एरवी त्याने फारसे बिघडतही नाही. अग्निशमनाच्या कामात मात्र झाकलेली गोष्टच घात करते. पुढे सांगितलेल्या चुकांपैकी काही मी स्वतः केल्या आहेत, काही अगदी जवळून पाहिल्या आहेत.

राजीनामा आधी, नियम नंतर

पहिली चूक सर्वांत साधी आणि सर्वांत महागात पडणारी आहे. वयाची अट ठिकाणागणिक बदलते. ब्रिटनमध्ये भरतीसाठी किमान वय १८ आहे आणि कमाल वयाची सरसकट मर्यादा नाही. अमेरिकेच्या संघराज्य सेवेत वणवे विझवणाऱ्यांच्या कायम पदांवर मात्र साधारणपणे ३७ वर्षांपर्यंतच प्रवेश मिळतो. म्हणून ज्या दलात जायचे आहे त्याची चालू भरतीची मूळ अधिसूचना हाती घ्यावी, वय कोणत्या तारखेला मोजले जाते ते पाहावे आणि ओळखीच्या माणसाच्या ऐकीव माहितीवर घर चालवणारी नोकरी सोडू नये. पूर्णवेळ नोकरीचे दार वयामुळे बंद असेल, तर स्वयंसेवक दलाचा विचार जरूर करावा. जर्मनीत आणि अमेरिकेत अग्निशमनाचा मोठा भार स्वयंसेवकच उचलतात. शिवाय नियंत्रण कक्ष आणि इमारतींची अग्निसुरक्षा तपासणी या कामांत आधीच्या नोकरीचा अनुभव वाया जात नाही.

नुसत्या धावण्यावर भिस्त

तयारी म्हटली की आपण पहाटे धावायला लागतो. धावणे हवेच, कारण शरीराची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता साधारणपणे तिशीनंतर दर दशकात सुमारे १० टक्क्यांनी घटत जाते. पण चाचणी अंगावर वजन घेऊन होते. उत्तर अमेरिकेत वापरली जाणारी शारीरिक चाचणी उदाहरणादाखल पाहा: आठ कामे सलग, एकूण वेळ १० मिनिटे २० सेकंद आणि अंगावर सुमारे २२.७ किलोचे जॅकेट. पहिलेच काम जिना चढण्याचे असते. त्या वेळी खांद्यांवर आणखी सुमारे ११ किलो चढवतात आणि मिनिटाला ६० पायऱ्या या गतीने सलग तीन मिनिटे चढायला लावतात. पुढे सुमारे ७५ किलोचा पुतळा ओढून न्यायचा असतो.

या जिन्यावर काय होते ते मी कितीदा तरी पाहिले आहे. पहिले मिनिट बरे जाते. दुसऱ्या मिनिटाला मान खाली जाते, पाऊल पायरीवर पूर्ण टेकेनासे होते, टाचा उचलल्या जातात आणि पोटऱ्या पेटतात. मग हात आपसूक कठड्याकडे जातो. तोल सावरण्यापुरता स्पर्श चालतो, पण कठड्यावर भार टाकला की ताकीद मिळते, आणि दोन ताकिदींनंतर तीच चूक पुन्हा झाली की चाचणी तिथेच संपते. उपाय सरावातच आहे. पूर्ण पाऊल टेकवून, पाठ ताठ ठेवून आणि कठड्याला हात न लावता जिना चढण्याची सवय आधी रिकाम्या अंगाने करावी, मग दोन-दोन किलोंनी भार वाढवावा. पायांत बळ शिल्लक असताना हाताची पकड सुटत असेल, तर भरलेल्या दोन बादल्या दोन्ही हातांत घेऊन चालण्याइतका साधा आणि गुणकारी व्यायाम दुसरा नाही. होज, म्हणजे पाण्याची जाड नळी, ओढताना दम लागत असेल, तर तुम्ही हातांनी ओढत आहात असे समजावे. होज खांद्यावरून घ्यावा, अंग पुढे झुकवावे आणि जोर मांड्यांनी लावावा.

पंचविशीतल्या मुलाला जड व्यायामानंतर एका रात्रीची झोप पुरते, मला दोन दिवस लागत. हे मान्य न करता मी त्यांच्या बरोबरीने रोज भार उचलला आणि गुडघा सुजला तरी तीन आठवडे कोणाला सांगितले नाही. परिणामी पुढचे दीड महिना प्रशिक्षण बुडाले. जड व्यायामाचे दिवस लागोपाठ ठेवू नयेत. जिना उतरताना गुडघ्यात टोचू लागले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.

वैद्यकीय तपासणीत लपवाछपवी

येथे मला अगदी स्पष्ट बोलायचे आहे. आगीपेक्षाही हृदय अधिक जवानांचा बळी घेते. अमेरिकेत कर्तव्यावर होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ४५ टक्के हृदयविकारामुळे होतात, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. झोपेतून घंटेसरशी उठणे, जड पोशाख, उष्णता, घामाने शरीरातले पाणी कमी होणे आणि जिवावरची धावपळ हे सारे काही मिनिटांत हृदयावर येऊन पडते. तपासणीच्या आदल्या दिवशी रक्तदाबाची गोळी घेऊन आकडा सुधारणारा उमेदवार परीक्षकाला फसवत नाही. वर्दीवर, म्हणजे मदतीची हाक आल्यावर, आपल्या शेजारी उभ्या राहणाऱ्या सहकाऱ्याला तो फसवतो. अर्ज भरण्याच्या सहा महिने आधी स्वतःहून तपासणी करावी, त्यात ताण देऊन केलेली हृदयतपासणी असावी, आणि घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर डॉक्टरांना ते न विचारता सांगावे. या मुदतीत पुष्कळ गोष्टी सुधारता येतात.

श्वसनयंत्राची धास्ती

श्वसनयंत्राला दलात बीए सेट म्हणतात. त्याचा मास्क प्रथम चेहऱ्यावर बसला तेव्हा मला वाटले की हवा येतच नाही. हवा व्यवस्थित येत होती, मीच धापा टाकत होतो. काच धुरकटली, कानांत केवळ स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला आणि हात मास्कच्या पट्ट्यांकडे गेला. उजेड असलेल्या खोलीत होतो म्हणून निभावले. धुरात मास्क काढणे म्हणजे मरण. तरीही त्या दिवशी मी ‘ठीक आहे’ असेच सांगितले.

धापा टाकण्याची किंमत हिशेबाने समजते. सहा लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने ढोबळमानाने १८०० लिटर हवा मावते. मिनिटाला ४० लिटर वापरली तर ती ४५ मिनिटे पुरावी; घाबरून किंवा अतिश्रमाने तोच वापर ८० लिटरवर गेला की साडेबावीस मिनिटे उरतात. त्यातूनच परतीच्या वाटेची हवाही राखायची असते.

अखेर चौथ्या दिवशी मी प्रशिक्षकांना बाजूला घेऊन खरे सांगितले. ते माझ्याहून दहा वर्षांनी लहान होते. ते म्हणाले, “तुम्ही सांगितलेत हे बरे झाले, आता यावर काम करता येईल.” दोन आठवडे रोज अर्धा तास मास्क लावून मी आधी नुसता बसलो, मग चाललो, मग डोळ्यांवर पट्टी बांधून भिंतीला हात लावत गुडघ्यांवर सरकलो. श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्यावे, तो मनात चार अंक मोजत सावकाश सोडावा, ही त्यांची एकच सूचना मला तारून गेली.

या वयात चष्मा लागलेला असतो, आणि त्याची काडी मास्कच्या कडेखाली आली की तिथून धूर आत शिरतो. मास्कच्या आत बसणारी चष्म्याची चौकट मिळते, ती पहिल्याच आठवड्यात मागून घ्यावी. दाढीमुळेही मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही, म्हणून रोज दाढी करणे सुरक्षेचाच भाग आहे.

आधीच्या हुद्द्याचे ओझे

पंधरा वर्षे हाताखाली माणसे वागवलेल्या उमेदवाराला पुन्हा शिकाऊ होणे जड जाते. दोराची गाठ कशी मारायची ते समजले नाही तर तो मान डोलावतो आणि नंतर एकांतात सराव करू म्हणतो. तसे करू नये. आज्ञा मिळाली की ती मोठ्याने परत म्हणावी, समजली नसेल तर तिथल्या तिथे विचारावे. माझ्या आधीच्या कामातले व्यवस्थापनाचे अनुभव मी पहिले वर्षभर बोलून दाखवले नाहीत, आणि तेच योग्य ठरले.

घरच्यांशी अर्धेच बोलणे

पगार कमी होणार हे आपण घरी सांगतो. रात्रपाळ्या, सणाच्या दिवशीची ड्युटी आणि पाळी संपल्यावरचा अबोला यांविषयी बोलत नाही. कामाचे स्वरूपही नीट सांगायला हवे. अमेरिकेतील अग्निशमन दलांना येणाऱ्या वर्द्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश वैद्यकीय मदतीच्या असतात आणि प्रत्यक्ष आगीच्या फारच थोड्या. अपघात, कोसळलेले वृद्ध, दगावलेली मुले हे पाहून घरी परतणाऱ्या माणसाला सावरायला वेळ लागतो. तो वेळ कसा द्यायचा हे घरात आधी ठरलेले असावे, आणि झोप उडू लागली तर दलातल्या समुपदेशकाकडे जाण्यात लाज मानू नये.

काजळी अंगावर मिरवणे

नव्या जवानाला काळवंडलेल्या पोशाखाचा अभिमान वाटतो, आणि उशिरा आलेल्याला थोडा जास्तच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाच्या व्यवसायाला निश्चित कर्ककारकांच्या पहिल्या गटात घातले आहे. आग विझली तरी धुमसत्या ढिगाऱ्याजवळ मास्क उतरवू नये. जागेवरच पोशाखावर पाणी मारून काजळी धुऊन टाकावी, मान आणि हात पुसावेत, केंद्रावर पोहोचल्यावर तासाभरात अंघोळ करावी, आणि पोशाख घरच्या कपड्यांत किंवा मुले बसतात त्या गाडीत कधीही ठेवू नये.