केस रंगवायचे की पांढरेच ठेवायचे? या चुका टाळा

एखादा समारंभ चार दिवसांवर आला की आरशातले पांढरे केस अचानक जास्त दिसू लागतात आणि घाईघाईने कलप आणला जातो. पहिली चूक तिथेच होते. केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतात, म्हणजे तीन-चार आठवड्यांत भांगात पांढरी रेघ पुन्हा हजर. रंग शोभेल का, हा प्रश्न नंतरचा. दर महिन्याला हा खटाटोप करायची तयारी आहे का, ते आधी बघा. नसेल, आणि पांढरे केस थोडेच असतील, तर काही धुण्यांत उतरणारा रंग घ्या. तो पांढरेपणा पूर्ण झाकत नाही, पण हळूहळू फिका होतो, त्यामुळे मुळाशी ठळक रेघ उठत नाही.

पॅच टेस्ट टाळणं सगळ्यात महागात पडतं. ‘इतकी वर्षं लावतेय, कधी काही झालं नाही’ हे कारण इथे चालत नाही. गडद रंगांत बहुधा पीपीडी हे रसायन असतं आणि त्याची ॲलर्जी कितीतरी वर्षांच्या वापरानंतरही उद्भवू शकते. कानामागे किंचित रंग लावून 48 तास थांबा. खाज, पुरळ किंवा सूज आली तर तो रंग पुन्हा लावायचा नाही. पाकिटावर ‘अमोनियामुक्त’ लिहिलंय म्हणून पीपीडी नसेल असं समजू नका. ‘काळी मेंदी’ घेतानाही घटक वाचा. नुसती मेंदी पांढऱ्या केसांवर नारिंगी-तांबडीच चढते, काळी कधीच नाही.

दर वेळी मुळांपासून टोकांपर्यंत रंग ओढू नका. टोकं आणखी काळी आणि कोरडी होत जातात. रंग फक्त नव्याने वाढलेल्या भागाला हवा. शिवाय काळाकुट्ट रंग वाढत्या वयात चेहरा ओढल्यासारखा दाखवतो, असं माझं स्पष्ट मत. गडद तपकिरी बरा, मुळांची रेघही कमी उठते.

रंगवणं थांबवायचं ठरवलंत तर मधला दुरंगी काळ गृहीत धरा. खांद्यापर्यंतचे केस पूर्ण पांढरे व्हायला दोन वर्षं सहज जातात. बरेच जण सहाव्या महिन्यात कंटाळून पुन्हा कलपाकडे वळतात. केस आखूड कापा, नाहीतर पार्लरमध्ये हायलाइट करून सीमारेषा पुसट करून घ्या. गडद रंगावर फिका रंग लावून काही होत नाही; रंगाने रंग उतरत नाही. आधी धातूंचे क्षार असलेली मेंदी किंवा कलप लावला असेल तर ब्लीच करण्यापूर्वी तसं सांगा, कारण दोन्हींची अभिक्रिया होऊन केस तापतात, तुटतातही.

पांढऱ्या केसांवर ऊन, धूर आणि जड पाण्यातले क्षार पिवळट झाक आणतात. जांभळा शाम्पू अधूनमधून पुरतो. रोज वापरलात तर केसांवर जांभळट छटा येईल.

पंचविशीआधीच केस पिकू लागले असतील तर बी12 आणि थायरॉइड एकदा तपासून घ्या, जरी बहुतेकदा कारण आनुवंशिकच निघतं.

आणि डोक्याचा रंग भुवयांना लावू नका. डोळ्यांना इजा होऊ शकते.