दुकान घेतलंत? मग जुन्या व्हेपची सोय आधी करा

इंग्लंडात लेस्टर म्हणा, वेम्ब्ली म्हणा, चालतं कॉर्नर शॉप घेतलं की आधीचा मालक गल्ला, माल, लायसन्स सगळं समजावून देतो. जुन्या व्हेपचं, म्हणजे ई-सिगारेटचं, कुणी बोलत नाही. आपल्याकडे भारतात २०१९ पासून व्हेपवर बंदीच आहे, त्यामुळे आपला हात त्याला कधी लागलेलाच नसतो.

इथे व्हेप विकता, तर गिऱ्हाइकाने नवीन घेताना दिलेला जुना फुकट ठेवून घ्यावाच लागतो. कुठल्या कंपनीचा, कुठून घेतलेला, हे विचारायचं नाही. खरेदीनंतर किमान २८ दिवस त्याला तो आणून देता येतो. एकदा वापरून फेकायचे व्हेप विकायला १ जून २०२५ पासून बंदी आहे; तरी घराघरांतल्या खणांत पडलेले अजून येतात आणि तेही घ्यायचे. तिकडे भंगारवाला आपल्यालाच पैसे द्यायचा, इथे उचलून नेण्याचा खर्च आपला. दुकानाचा सौदा करतानाच तो हिशेबात धरा.

पहिल्या वर्षी मी जमलेले व्हेप काउंटरखाली क्रिस्प्सच्या रिकाम्या खोक्यात टाकत होतो. एका संध्याकाळी त्यातून धूर निघाला. वरच्या मजल्यावर मुलं होती. फायर ब्रिगेड वेळेत आली म्हणून निभावलं, पण ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो. आतली लिथियम बॅटरी दबली, चेपली की आपोआप पेटू शकते. तेव्हापासून झाकणाचा धातूचा डबा आणि व्हेपच्या प्रत्येक थरावर व्हर्मिक्युलाइट, म्हणजे न जळणारं दाणेदार खनिज. डबा हीटरपासून, लायटरच्या गॅसपासून आणि बाहेर पडायच्या दारापासून लांब ठेवा. व्हेप उघडून बॅटरी काढायला कामावरच्या पोरांना कधीही सांगू नका.

डबा भरला की नोंदणी असलेल्या वेस्ट कॅरियरलाच, म्हणजे कचरा वाहून नेणाऱ्यालाच, द्या आणि त्याची पावती जपा. स्वस्तात नेतो म्हणणारा व्हॅनवाला दारात उभा राहील, त्याला नाही म्हणा. किती व्हेप आले, कधी कुणाकडे गेले, ही नोंद चार वर्षं ठेवायची असते. मी गल्ल्याशेजारीच वही ठेवलीय. ‘जुने व्हेप इथे घेतो’ अशी पाटीही समोर लावा, कारण गिऱ्हाइकाला लेखी कळवणं हाही नियमच आहे.

साधे सेल वर्षाला ३२ किलोपेक्षा जास्त विकत असाल, तर वापरलेल्या सेलसाठीही डबा लागतो. तो वेगळा ठेवा, व्हेपच्या डब्यात मिसळू नका.