डच चित्रकलेत पीएचडी करायची असेल तर

‘रेम्ब्रांटच्या चित्रांतला प्रकाश’ हा पीएचडीचा विषय होत नाही. ‘1650 ते 1670 या काळात ॲमस्टरडॅममधल्या मालमत्ता-याद्यांत कोणाच्या घरी कोणती चित्रं होती’ हा होऊ शकतो, कारण त्यासाठी कोणतं दप्तर उघडायचं ते ठाऊक असतं.

डच आणि जर्मन वाचता आलंच पाहिजे. खरी अडचण मात्र सतराव्या शतकातल्या हस्ताक्षराची. मोडी शिकलेल्यांना हे लगेच कळेल: भाषा येते, पण अक्षर लागत नाही. ॲमस्टरडॅमच्या नगर अभिलेखागारातली नोटरींची कागदपत्रं स्कॅन करून ऑनलाइन ठेवलेली आहेत. सुरुवात रेम्ब्रांटच्या दिवाळखोरीतल्या 1656च्या यादीपासून करा. तिच्यात 363 नोंदी आहेत आणि छापील पाठ उपलब्ध आहे. आधी स्वतः वाचायचं, मग पाठाशी ताडून पाहायचं. अर्ज करण्याआधीच हे जमलं पाहिजे. प्रवेशानंतर त्याला पुरेसा वेळ मिळत नाही.

चित्र ओक फळीवर असेल तर वृक्षवलयांवरून काळ काढतात. इथे नवखे हमखास चुकतात. मिळालेलं वर्ष चित्र रंगवल्याचं नसतं. फळी करताना खोडाचा बाहेरचा मऊ भाग तासून टाकत, त्यामुळे शेवटची वलयं गेलेली असतात. ती अंदाजाने धरावी लागतात, शिवाय लाकूड सुकायला लागलेला काळ वेगळाच. म्हणजे ‘याच्या आधी रंगवलेलं नाही’ एवढंच सिद्ध होतं. फळीवर सही कोणाची, याबद्दल ही पद्धत काहीच सांगत नाही.

नेदरलँड्समध्ये पीएचडी ही बहुधा चार वर्षांची पगारी नोकरी असते. जाहिरात निघते आणि अनेकदा प्रकल्प आधीच ठरलेला असतो. अमेरिकेत पाच-सहा वर्षं तरी लागतात, आधी अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो आणि बरेचसे अर्ज डिसेंबरच्या आसपास बंद होतात. दोन्हीकडे लेखनाचा नमुना निर्णायक ठरतो. त्यात एकाच चित्राचं बारकाईने केलेलं वाचन द्या, शतकाचा आढावा नको. प्राध्यापकपदं फार थोडी असतात, म्हणून संग्रहालयाच्या मुद्राचित्र विभागात सूची करण्याचं काम मिळालं तर जरूर घ्या. कागद, जलचिन्हं आणि छाप्यांच्या अवस्था (एकाच पत्र्यात बदल करत काढलेले वेगवेगळे छापे) तिथेच हाताखालून जातात.

भारतातून जाणाऱ्यांना एक मोकळं क्षेत्र आहे. रेम्ब्रांटने मुघल लघुचित्रांवरून केलेली वीसहून अधिक रेखाटनं उरली आहेत. गोवळकोंड्याची व्यक्तिचित्रं असलेला विटसेन अल्बम ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. वेंगुर्ल्याला डचांची वखार होती आणि डच ईस्ट इंडिया कंपनीचं दप्तर हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. जुनी डच आणि फारसी दोन्ही वाचणारे संशोधक फार कमी आहेत. यातली एक येत असेल तर दुसरी आताच सुरू करा.