जुन्या पीसीत नवा प्रोसेसर टाकताय? या चुका टाळा

प्रोसेसर काढून दुसरा बसवायला दहा मिनिटं पुरतात. त्याआधीचं तासाभराचं काम लोक गाळतात आणि मग दोन दिवस काळ्या स्क्रीनकडे बघत बसतात. मीही त्यातलाच. पीसी भाच्याचा, २०१८ साली जुळवलेला: रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, आणि नंतर हट्टाने टाकलेलं आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. व्हॅलोरंट या गेममध्ये गोळीबार सुरू झाला की फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) धाडकन खाली. "मामा, आय-सेव्हन टाकूया का?" हा त्याचा पहिला प्रश्न. रायझन एएमडीचा, आय-सेव्हन इंटेलचा, आणि एएमडीच्या बोर्डात इंटेलचा प्रोसेसर बसत नाही, इथपासून सुरुवात होती.

न मोजता पैसे काढणं

टास्क मॅनेजर सीपीयू ३५ टक्के दाखवतोय म्हणजे तो निवांत आहे असं नाही. २६००ला बारा थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या बारा रांगा, आहेत. त्यातला एक पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात त्याचे जेमतेम आठ टक्के दिसतात, आणि गेमचं काम अडतं ते बऱ्याचदा एक-दोन थ्रेडवरच. म्हणून बघायचं ग्राफिक्स कार्डाकडे. फ्रेम लिमिट आणि व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) बंद करा, आफ्टरबर्नर हे कार्डावरचा भार दाखवणारं अ‍ॅप लावून अर्धा तास खेळा. कार्ड सतत ९७-९९ टक्क्यांवर असेल तर प्रोसेसर बदलून हाती काही लागणार नाही. कार्ड ५५-६०वर रेंगाळतंय आणि तरी फ्रेम पडताहेत, तर ते प्रोसेसरची वाट बघतंय. खात्री हवी असेल तर रिझोल्यूशन १०८०वरून ७२०वर आणा. फ्रेम जागच्या जागी राहिल्या, तर कार्डाची चूक नाही.

याच वेळी रॅम तपासा. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर स्पीड दिसतो. भाच्याच्या ३२००च्या रॅम पहिल्या दिवसापासून २१३३वर चालत होत्या, कारण बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, एक्सएमपी (रॅमला पूर्ण वेग देणारी सेटिंग) कुणी चालूच केलं नव्हतं. काही बोर्डांवर त्यालाच डीओसीपी म्हणतात. एकच स्टिक असेल तर तशीच दुसरी घाला. दोन असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, शेजारी-शेजारी नाही. एवढ्यानेच झटके बरेच कमी होतात, आणि एक्सएमपीला तर दमडीही लागत नाही. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर तेही आत्ताच मान्य करा. दीडशे फ्रेम आल्या तरी तो सेकंदाला साठच चित्रं दाखवणार.

नावावर जाऊन खरेदी

एएम४ सॉकेट, म्हणजे एएमडीच्या या बोर्डांवरची प्रोसेसर बसायची जागा, हे या बाबतीत नशीबवान प्रकरण. २०१७च्या बोर्डांनाही पुढे बायोस अपडेटने रायझन ५००० मालिकेचं दार उघडलं. पण त्या मालिकेत नावांचा घोळ आहे. ५६००ला ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच अतिवेगवान मेमरी) आहे. ५५०० आणि ५६००जी यांना त्याच्या निम्मी, १६ एमबी. ५७०० आणि ५७००एक्स यांच्यात एका अक्षराचा फरक दिसतो, पण साध्या ५७००ला १६ एमबी आणि एक्सवाल्याला ३२. ५७००एक्स३डीला तब्बल ९६. गेममध्ये ही कॅश फार कामी येते, त्यामुळे आठ कोअर बघून ५७०० उचलणारा बऱ्याच गेममध्ये सहा कोअरच्या ५६००च्याही मागे राहतो. दुकानदाराला 'सत्तावनशे द्या' म्हणू नका, पूर्ण नाव लिहून न्या.

इंटेलकडचा सापळा वेगळा. सहावी-सातवी पिढी आणि आठवी-नववी पिढी, दोन्हींचा सॉकेट एलजीए ११५१च. प्रोसेसर बसतोही, पण सहाव्या-सातव्या पिढीच्या एच११० बोर्डावर आठव्या पिढीचा आय५-८४०० चालू होत नाही. लॅमिंग्टन रोडवर सेकंडहँड माल घेताना ही चूक हमखास होते. आणि खरं सांगायचं तर, सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डासाठी जुना आय७ शोधण्यात मला राम वाटत नाही. तो चार कोअरचाच. शिवाय विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि हे प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत नाहीत. ते पैसे बोर्डासकट पुढच्या प्लॅटफॉर्मला ठेवा.

बायोस नंतर बघू म्हणणं

जुना प्रोसेसर आत असतानाच बायोस अपडेट करायचा. नवा बसवल्यावर नाही, कारण जुना बायोस नव्या प्रोसेसरला ओळखतच नाही: पंखे फिरतात, दिवे लागतात, डिस्प्ले येत नाही. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर सीपीयू सपोर्टची यादी असते. त्यात तुमच्या प्रोसेसरसमोर किमान कुठली आवृत्ती लागते ते लिहिलेलं असतं. बोर्डाचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा, रिव्हिजनसुद्धा. काही जुन्या बोर्डांना थेट शेवटची आवृत्ती चालत नाही, आधी मधली एक टाकावी लागते. ती सूचना डाउनलोडच्या खाली बारीक अक्षरात असते.

पेनड्राइव्ह एफएटी३२मध्ये फॉरमॅट करा आणि अपडेट बायोसमधूनच करा, विंडोजमधल्या अ‍ॅपवरून नको. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून शेजाऱ्यांचा यूपीएस मागून आणला. पाच मिनिटांचं काम, पण मध्येच वीज गेली तर बोर्ड दुरुस्तीला.

कूलर ओढून काढणं

ही चूक मी केली. चार स्क्रू सैल केले, कूलर धरला आणि सरळ वर ओढला. कूलरसोबत प्रोसेसरही वर आला, लिव्हर बंद असतानाच. पाच वर्षांत थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरला पोचवणारा लेप) डिंकासारखी सुकली होती. एएम४च्या प्रोसेसरच्या पिना त्याच्याच पोटाला असतात आणि वरून धरणारी चौकट नसते. इंटेलच्या सॉकेटला ती असते. दोन पिना वाकल्या. भाचा काही बोलला नाही, ते जास्त लागलं.

पिना सरळ केल्या त्या शिसं काढलेल्या ०.७च्या पेन पेन्सिलने. पोकळ टोक पिनेवर अलगद सरकवायचं आणि केसभर केसभर उभं करायचं. पण अशी वेळच येऊ देऊ नका. आधी पंधरा मिनिटं गेम खेळून प्रोसेसर तापवा, पीसी बंद करून प्लग काढा, समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे सोडा. मग कूलर डावीकडे-उजवीकडे पिळा. पेस्टने पकड सोडल्याचं हाताला कळतं, तेव्हाच उचला. स्क्रूवाल्या कूलरमध्ये आणखी एक गंमत आहे: शेवटचा स्क्रू निघाला की बोर्डामागची पट्टी मागे घरंगळते. दुसरा हात मागे ठेवा.

बसवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा. प्रोसेसर आपल्या वजनाने खाली बसतो, दाबायचा नाही. वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. नव्या कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढायची राहते, आणि मग तापमान शंभरीकडे का पळतंय याचा शोध रात्रभर चालतो. ५६००च्या डब्यात कूलर मिळतो. ५७००एक्स३डीच्या डब्यात मिळत नाही आणि तो १०५ वॅटचा आहे, २६००चा छोटा कूलर त्यावर चढवू नका. विदर्भातल्या मे महिन्यात तर नकोच.

डिस्प्ले येत नाही

घाबरून लगेच बटण दाबू नका. पहिल्यांदा चालू होताना बोर्ड रॅमची जुळवाजुळव करतो, त्यात दोन-तीन मिनिटं जाऊ शकतात. नाहीच आलं तर प्रोसेसरजवळची आठ पिनांची पॉवर केबल बघा. हात घालताना ती सुटते. मग एकच रॅम ठेवून बघा. मग बोर्डावरचा नाण्यासारखा सेल, सीआर२०३२, पाच मिनिटं काढून ठेवा. आणि मॉनिटरची केबल बोर्डाला नाही तर ग्राफिक्स कार्डाला लावलीय ना? ५६००मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं.

डिस्प्ले आला आणि स्क्रीनवर 'नवा सीपीयू, एफटीपीएम रीसेट करू का, वाय की एन' असं विचारलं (एफटीपीएम म्हणजे प्रोसेसरमधली सुरक्षेच्या चाव्यांची तिजोरी), तर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं ड्राइव्हला कुलूप लावणारं फीचर, चालू असलेल्यांनी वाय दाबण्याआधी थांबा. ड्राइव्ह कुलूपबंद होईल आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागेल. ती बहुतेकदा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, पण शोधायची ती कामाला हात घालण्याआधी. त्याहून बरं म्हणजे बिटलॉकर आधीच तात्पुरता स्थगित करणं.

आणि बायोस अपडेटने सगळी सेटिंग मूळपदावर येतात. एक्सएमपी पुन्हा बंद, सिक्युअर बूटही (पीसी चालू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर उघडू देणारी सेटिंग) बऱ्याचदा बंद. विंडोज ११वर व्हॅलोरंट मग व्हॅन ९००१ किंवा ९००३ हा एरर दाखवून उघडायलाच नकार देतो आणि लोक प्रोसेसर खराब निघाला म्हणून दुकानात जातात. बायोसमध्ये एफटीपीएम आणि सिक्युअर बूट चालू करा, एक्सएमपीही. थांबून थांबून सेकंदभराचा झटका बसत असेल तर बायोस एजेसा (बायोसमधला एएमडीचा मूळ कोड) १.२.०.७च्या मागचा आहे का बघा. एफटीपीएममुळे येणारा तो दोष या आवृत्तीत दुरुस्त झाला.

आमचं ५६०० बसलं, फ्रेम पडायच्या थांबल्या. भाचा त्याच संध्याकाळी जुना २६०० विकायला काढत होता. म्हटलं, महिनाभर डबीत राहू दे. उद्या पुन्हा डिस्प्ले गेला तर दोष बोर्डाचा की नव्या प्रोसेसरचा, हे त्या २६००लाच विचारायचंय.