पक्कड घेताना देश नको, धार बघा

'मेड इन जर्मनी' वाचून घेतलेली माझी पक्कड दोन महिन्यांत लुळी पडली. नाशिकची स्वस्तातली अजून तार कापतेय. म्हणून आता दुकानातच बघतो.

१. पक्कड मिटून उजेडाकडे धरा. कापायच्या धारेत फट दिसली तर परत ठेवा.

२. त्याच धारेत बिलाचा कागद दाबा. तो स्वच्छ तुटायला हवा, चुरगळता कामा नये. (दुकानदार जरा बघत राहतो, राहू दे.)

३. पाना घ्यायचा असेल तर खिशात 8 एमएमचा नवा बोल्ट न्या. त्याच्या डोक्याला 13 एमएमचा पाना बसतो; तो त्यावर खडखडला, तर नको.

मुठीवरचं रंगीत प्लास्टिक म्हणजे इन्सुलेशन नव्हे. विजेच्या कामाला 1000 व्होल्टची खूण असलेलीच घ्या, आणि तरीही आधी मेन स्विच बंद करा.